दिवा क्रमांक सात

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
पार्कातला दिवा क्रमांक सात, एकेचाळीस दिवस बंद.
उपस्थिती तेवीस. कॉफी पुरली नाही.

बाल्टिमोरच्या आमच्या या कोपऱ्यावर
पार्क म्हणजे काय, तर सव्वा एकर गवत,
चार झोपाळे, त्यातले दोन बसण्याजोगे,
आणि एक कारंजं, ज्यात पाणी नाही
पण नाणी अजून पडतात.

चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडल्या.
हीटर खडखडत होता, तरी कोट कुणी काढला नाही.
डेलोरिस टिलरी म्हणाली, परवा रात्री पुन्हा आवाज झाला.
फटाके असतील, मागून कुणीतरी.
नोव्हेंबरात? ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ हीटरच बोलत राहिला.

मिसेस वॉयचिकना बाकं उपटून टाकायची आहेत:
बाक असलं की माणूस बसतो,
माणूस बसला की रात्र होते.
शेजारी त्यांचा नवरा, दोन्ही गुडघे नवे,
टोपी हातात फिरवत होता.
दुपारी मी कुठे बसू, असं त्याने विचारलं नाही.

महापालिकेचा माणूस टाय सारखा करून म्हणाला,
तक्रार नोंदली आहे. नंबर दिला, अकरा आकडी.
आम्ही सगळ्यांनी तो उतरवून घेतला,
जसा काही तोच रात्री पेटणार होता.

तिसऱ्या रांगेत वेंडेल प्रुइट.
मी वहीकडे पाहिलं.

गेल्या जानेवारीत, पहाटे पावणेपाच.
झोपाळ्यांखाली एक माणूस ओणवा,
तोंडात टॉर्च, हातात काहीतरी चमकणारं.
एकवीस वर्षं मी या शहरात बस चालवली,
पायरीवर पाऊल पडताच ओळखायचे
कोण भाडं देणार, कोण भांडणार.
त्या पहाटे मात्र पडद्याआडून
साप साप म्हणत भुई धोपटली. फोन केला.
गाडी सहा मिनिटांत आली.
(दिव्याला एकेचाळीस दिवस. हेही लिहायचं राहिलं.)

गोठलेल्या जमिनीवर त्याला पालथं घातलं,
वीस मिनिटं. माझ्याकडे भिंतीवरचं घड्याळ आहे.
मग कुणीतरी त्याचा कॉफीचा डबा उपडा केला
आणि निघाल्या काचा,
तपकिरी, हिरव्या, दोन सुया, एक बाटलीचं बूच.
शाळेची पोरं यायच्या आत तो रोज वेचतो म्हणे.
रोज. माझ्या खिडकीखाली.

फोन कुणी केला, हे त्याने कधी विचारलं नाही.
किंवा विचारलं असेल, दुसऱ्या कुणाला.

सभेत त्याने हात वर केला.
माझं पेन थांबलं.
म्हणाला, डावीकडच्या झोपाळ्याची साखळी,
वरून तिसरी कडी झिजली आहे.
आणि खाली बसला.
तिसरी कडी, मी लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

मंगळवारी दिवा लागला.
पांढराफटक, दवाखान्यातला असावा तसा,
गवताचं पातं न पातं मोजून घ्यावं असा.
मिसेस वॉयचिकनी केक वाटला.
डेलोरिस म्हणाली, आता तरी झोप लागेल.

तिला लागली असेल.
मी पावणेपाचला पडदा सारला
तर तो होताच, ओणवा, या वेळी टॉर्चशिवाय.
डब्यात काच पडली की टिंग.
थोड्या वेळाने, टिंग.
मग त्याने मान वर केली,
आणि तेव्हा मला कळलं, या नव्या उजेडात
माझी खिडकीही दिसते,
पडदा धरलेला हातही.

त्याने काही खूण केली नाही. मीही नाही.
गॅसवर पाणी ठेवलं, दोन कप काढले.
एक परत कपाटात ठेवला.
मग पुन्हा काढला.